बिनहाडाचं मटण

९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. पत्र लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल माफ कर. मध्ये दोन-तीनदा कागद घेऊन बसलो होतो. एकदा पेन चाललं नाही, एकदा तुझी ताई हाक मारत होती, आणि एकदा काय झालं ते आता आठवत नाही.

फोनही करून पाहिला. घरी केला तर तुझा मुलगा म्हणाला, 'बाबा दुकानात आहेत.' दुकानात केला तर तिथला माणूस म्हणाला, 'शेठ आत्ताच घरी गेले.' मधल्या रस्त्यात तू किती वेळ असतोस ते मी विचारत नाही. तुला नातवंडं झाली, लोक तुला शेठ म्हणतात, पण या घरात तू बारक्याच. त्याला माझा इलाज नाही.

आपलं जे झालं ते परत उगाळायचं नाही. एवढंच सांगतो, की तुझी ताई हॉस्पिटलातून घरी आली त्या आठवड्यात तू मटणाचा डबा घेऊन आलास आणि मी तो उंबऱ्याच्या आत घेतला नाही, ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून. चरबी बंद, मीठ कमी, हे त्यांनी माझ्या तोंडावर दोनदा सांगितलं होतं. तू म्हणालास, 'दाजी, आमच्या बापानं तिला याच मटणावर वाढवली, ते काय विष होतं?' मी म्हणालो, 'ते डॉक्टरांना विचार.' तू डबा पायरीवर ठेवलास आणि गेलास. यात माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही, आणि हे पत्र त्यासाठी नाही. डबा घासून फळीवर ठेवला आहे. झाकण जरा वाकलं आहे. ते मांजरांनी केलं, मी नाही.

पत्र कशासाठी ते सांगतो. तुझी ताई जेवत नाही. तशी तब्येत बरी आहे, काळजीचं काही नाही. हृदयाची झडप बदलायची आहे हे तुला माहीतच असेल. पण डॉक्टर म्हणतात, 'आजोबा, या अंगावर मी सुरी चालवणार नाही. आधी अंगात काहीतरी भरू द्या. प्रोटीन द्या.' मी विचारलं, ते कशात असतं? त्यांनी डाळी, कडधान्यं, दूध, सोयाबीन अशी नावं घेतली. तुझ्या ताईनं प्रत्येकाला एकेक दिवस दिला आणि मग भिंतीकडे तोंड करून निजली. खाटकाची लेक ती. मसुरीचं वाटण पाहून म्हणाली, 'हे तुमच्या दुकानात पुठ्ठ्याला लावा.'

आमच्या वरच्या मजल्यावर एक नर्स राहते. गुणी मुलगी आहे, फक्त जिन्यात फार धावते, एखाद दिवशी पडेल. तिनं सांगितलं, 'आजोबा, गव्हाच्या पिठाचं मटण करतात. कणीक घट्ट मळायची, पाण्यात बुडवून ठेवायची आणि मग पाण्याखाली चोळत राहायची. पांढरं पाणी निघून जातं, उरतं ते शिजवायचं.' मी म्हटलं, हे तर मला येतं. आयुष्यभर तेच केलं.

तुला आठवत असेल. बाइंडिंगच्या दुकानात पुस्तकं चिकटवायची खळ मी अशीच करायचो. कणीक धुवायची, पांढरं पाणी निवळू द्यायचं, खाली बसलेला साका शिजवायचा, की झाली खळ. झुरळ लागत नाही, कागद आखडत नाही. राहिलेला रबरासारखा गोळा टाकून द्यायचा.

तेव्हा पहिल्या दिवशी मी काय केलं असेल ते तुला कळलंच असेल. कणीक मळली, धुतली, गोळा खिडकीतून मागच्या गटारात टाकला आणि पांढरं पाणी जपून झाकून ठेवलं. हातांना सवय, डोकं विचारायच्या आत हात करून मोकळे. संध्याकाळी नर्स आली, पातेल्यावरचं झाकण उचललं आणि विचारू लागली, 'आजोबा, मटण कुठं आहे?' मी म्हटलं, 'हेच की.' ती हसत हसत खाली बसली. मग मला कळलं, की इतकी वर्षं मी मटण गटारात टाकलं आणि खळ घरी आणली. गटार तुंबलं ते वेगळंच. खालचे लोक दोन दिवस बोलत नव्हते.

दुसऱ्यांदा नीट झालं. कांदा, लसूण, मिरी घालून मंद आचेवर शिजवलं. मोठ्या आचेवर ते फुगून स्पंजासारखं होतं, हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. रंगासाठी बिटाचा रस घातला. माझे हात मनगटापर्यंत लाल झाले, अगदी तुझ्यासारखे. साबणानं निघत नाहीत.

ताट पुढं ठेवलं. तिनं एक तुकडा बोटानं दाबून पाहिला आणि विचारलं, 'कुठून आणलं?' ती ताट सरकवायच्या बेतात होती, ते मला दिसत होतं. मी म्हणालो, 'बारक्याकडून. डॉक्टरांना विचारून, चरबी काढून दिलंय त्यानं.'

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग जेवली. सगळं नाही, पण जेवली.

तर आता असं आहे, की तिनं तुला फोन केला आणि विचारलं, तर 'हो' म्हण. एवढंच काम आहे. तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे, वजनाच्या काट्यावरसुद्धा तुझा हात हलका नाही. पण 'हो' हा शब्द लहान आहे.

तुझा
दाजी


२० फेब्रुवारी

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. मागच्या पत्राचं उत्तर नाही. पोस्टमनला विचारलं, तो म्हणाला, 'काका, उत्तर लिहिलं असेल तर येईल.' उद्धट आहे, पण पत्रं हरवत नाही. म्हणजे तुला मिळालं.

तिनं तुला फोन केलेला नाही. मी विचारलं, 'करून देऊ का?' तर म्हणाली, 'त्याला हात आहेत ना? लावील तो.' तेव्हा तेवढी काळजी मिटली. दुसरी सुरू झाली आहे.

ती खाते, पण तुझ्या मटणाला नावं ठेवते. तुला वाईट वाटेल, तरी जसंच्या तसं लिहितो, कारण त्यावर मला तुझा सल्ला हवा आहे. पहिल्या आठवड्यात म्हणाली, 'बारक्या म्हातारा झाला. सुरी बोथट झाली त्याची.' मग म्हणाली, 'हे कुठल्या जनावराचं आहे? याला ना शेंडा ना बुडखा.' परवा म्हणाली, 'आमच्या बापाच्या दुकानातून बिनहाडाचं मटण कधी कोणाच्या घरी गेलं नाही. हाड काढून विकायला हा काय हॉटेलवाला झाला?' मी गप्प बसतो. तुझ्या वतीनं किती ऐकून घ्यायचं यालाही काही मर्यादा असते.

पण ती म्हणते त्यात तथ्य आहे. तुकडा चावला की तो सगळीकडून सारखाच तुटतो. मटण एका बाजूनं सुटतं, एका बाजूनं तटतं. त्याला धागे असतात. मी आयुष्यभर खाल्लं, पण नीट कधी पाहिलं नाही. पुस्तकांचंही तसंच झालं. जुजबंदी करताना, म्हणजे पानांच्या घड्या एकीला एक शिवताना, प्रत्येक घडीचं मधलं पान उघडावं लागतं. सातवीनंतर माझं वाचन झालं ते सगळं त्या मधल्या पानांचं. सुरुवात कशी होते आणि शेवटी काय होतं ते मला कुठल्याच पुस्तकाचं सांगता येणार नाही.

असो. मी काय केलं ते सांगतो. गोळ्याच्या लांब दोऱ्या ओढल्या, तीन दोऱ्यांची वेणी घातली आणि वेणीला गाठ मारली. पुस्तकाच्या पाठीला वर-खाली गोफ विणतो तसा. मग ओल्या फडक्यात गुंडाळून शिकंज्यात घातलं. मालकानं दुकान विकलं तेव्हा पुस्तकं दाबायचा तेवढा एक शिकंजा मी घरी आणला होता, तो कशाला आणला म्हणून तुझी ताई वर्षभर बोलत होती. आता त्यात तिचं जेवण दाबतो. तिला सांगितलेलं नाही. दाबून शिजवल्यावर धागे सुटतात, पण कोरडे. चघळताना दोरा चावल्यासारखं वाटतं. याला काय करावं? मांडीचं मटण मऊ का असतं आणि मानेचं चिवट का? तू धाग्याला आडवं कापतोस की उभं? एवढं मला कळव. मनातला राग बाजूला ठेवून धंद्याचं म्हणून कळव.

गहू बाधेल का याचीही धास्ती आहे. रोज नुसतं गव्हाचं पोटात जाऊन कोठा धरला तर? नर्स म्हणते नाही धरणार. पण ती तरुण आहे, तिला सगळंच पचतं.

तुझ्या डब्यात नमुन्याचे चार तुकडे ठेवून सकाळच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवत आहे. तो तुझं गिऱ्हाईक आहे असं म्हणाला. चावून बघ. झाकण मी ठोकून सरळ केलं आहे.

ताई बरी आहे. काल न्हाणीघरात जरा पडली, म्हणजे पडली नाही, बसली. डॉक्टरांना मी बोलावलं नव्हतं, नर्सनं बोलावलं. ते म्हणाले, वजन थोडं धरलं आहे, असंच चालू द्या. बाहेर आल्यावर मला जिन्यात हळूच म्हणाले, 'फार लांबवायला नको.' म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

आणि एक. ती म्हणते, भावाला पाहिल्याशिवाय मी त्या ऑपरेशनच्या टेबलावर चढणार नाही. हे ती रागात म्हणते की खरंच, मला ठरवता येत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी येत नाही.

तुझा
दाजी


२६ फेब्रुवारी

बारक्यास,

डबा परत मिळाला.

मला वाटलं होतं तू चिठ्ठी लिहिशील. निदान ड्रायव्हरजवळ निरोप देशील. त्याला विचारलं, 'काही बोलले का?' तो म्हणाला, 'शेठनी तुकडा तोंडात घातला, तोंड वाकडं केलं, मग दुसरा घातला. दुसऱ्या दिवशी डबा दिला.' डबा उघडला तर आत हाडं. मटणाचा कण नाही, नुसती पांढरी हाडं.

मला कळलं तुला काय म्हणायचं ते. दारात आलेल्या कुत्र्याला टाकतात ते तू मला पाठवलंस. डबा दारातून परत गेला त्याची फेड केलीस. मी वयानं मोठा आहे, तुझ्या लग्नात मी सगळ्यांच्या आधी पोचलो होतो, आणि तू आमच्या दुकानात येऊन कणकेचे गोळे छताला मारायचास तेव्हा मालकाची बोलणी मी खाल्ली आहेत. दुकान सोडलं त्या दिवशीही त्यातले दोन गोळे छताला चिकटलेले होते. तुझ्या बहिणीसाठी मी हे सगळं करतो आहे, माझ्यासाठी नाही. मी तर खिमट खाऊनही राहीन.

बरं झालं, कळलं. यापुढं मी लिहिणार नाही.

दाजी


२७ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

हे पत्र आधी वाच. कालचं मी सकाळीच पेटीत टाकलं. दुपारी पेटीपाशी जाऊन उभा राहिलो, पण पोस्टमन म्हणाला, 'पेटीत पडलेलं सरकारचं झालं.' दोन्ही तुला बहुतेक एकदमच मिळतील. ते दुसरं न वाचता चुलीत घाल.

झालं असं. हाडं फेकून द्यायला मी उचलली. तेव्हा ओट्यावर माझे नव्यानं केलेले तुकडे पडले होते आणि एक हाड त्यातल्या एका तुकड्याशेजारी पडलं. दोन्हींची लांबी एक. मी दुसरं हाड लावून पाहिलं, तिसरं लावून पाहिलं. सगळी माझ्या तुकड्याच्या मापाची. माप घ्यायचं काम मी आयुष्यभर केलं आहे, त्यात मला कोणी फसवू शकत नाही. मग चष्मा लावून नीट पाहिलं. उकळून, खरवडून स्वच्छ केलेली. आतल्या नळीत दाभण घालून पाहिलं तर आरपार गेलं. मगजसुद्धा काढून टाकलेला. चरबी बंद आहे हे तुझ्या लक्षात होतं. कुत्र्यासाठी कोणी एवढं करत नाही. केलं असेल तर तो कुत्रा नशीबवान म्हणायचा.

मी खुर्चीवर बसलो. नर्स काही मागायला आली होती, तिनं विचारलं, 'आजोबा, छातीत दुखतंय का?' मी म्हटलं, 'नाही, मेहुण्याचं पत्र आलं.' ती हाडांकडे बघत राहिली.

पुढचं झालं की लिहितो.

तुझा
दाजी


३ मार्च

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद.

काल केलं. दोऱ्या ओढल्या, पण या वेळी वेणी मोकळी घातली आणि हाडाभोवती गुंडाळत नेली, पुस्तकाच्या पाठीवर कापड बसवतो तशी, वर-खाली दुमडून. शिकंजा नाही वापरला. वाळलेल्या अळंब्यांच्या पाण्यात अगदी मंद आचेवर ठेवलं. तू उत्तर दिलं नाहीस, पण हाड हातात धरल्यावर धागा कुठल्या दिशेला जायला हवा ते आपोआप कळलं. फक्त टोकाला जरा सुटलं. ते झाकायला वर कांदा पसरला. खळ लावता आली असती, पण ते बरं दिसलं नसतं.

ताट नेलं. ती उशीला टेकून बसली होती. हाड पाहिलं. हातात धरून खाल्लं, दातांनी ओढून. बऱ्याच दिवसांनी तिला दोन्ही हातांनी जेवताना पाहिलं. मी दारात उभा होतो. ती म्हणाली, 'तुम्ही बसा हो, माझे घास मोजू नका.' मी बसलो.

सगळं खाऊन झाल्यावर तिनं हाड पुसलं आणि उजेडाकडे धरलं. कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. मग मला म्हणाली, 'इकडे या. हे बघा.' टोकाला आडवी एक बारीक रेघ होती, उभारलेली, केसाएवढी. मी म्हटलं, 'काय आहे?' ती म्हणाली, 'बापाच्या सत्तुराला खाच होती. मी लहानपणी त्या सत्तुरानं नारळ फोडला होता तेव्हा पडलेली. मार खाल्ला होता मी. बारक्यानं अजून तोच सत्तूर ठेवलाय. आणि एका घावात तोडलंय. सुरी बोथट नाही त्याची.'

मी म्हटलं, 'तेच तर मी सांगतोय, त्याच्याच दुकानचं आहे.'

ती म्हणाली, 'हाड त्याच्या दुकानचं आहे. बाकीचं तुमच्या दुकानचं.'

मी ताट उचलू लागलो. ती म्हणाली, 'पहिल्याच दिवशी कळलं. लग्न झाल्यापासून तुमच्या सदऱ्यांना त्या ओल्या कणकेचा वास येतो. मी काय ओळखणार नाही?'

मी विचारलं, 'मग खाल्लंस कशाला?'

'तुम्ही त्याचं नाव घेतलंत म्हणून. डबा पायरीवर राहिला तेव्हापासून या घरात त्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं. म्हटलं, बघू या, किती दिवस घेता.' मग म्हणाली, 'बोलतो का तो तुमच्याशी?'

मी म्हटलं, 'नाही. हाडं पाठवतो.'

ती हसली. इतकी हसली, की खोकला आला आणि नर्स वरून धावत खाली आली. जिन्यात पडली नाही, नशीब.

तेव्हा आता तुला खोटं बोलायची गरज उरलेली नाही. 'हो' म्हणायचं ते मी परत घेतो. तुझी सुरी बोथट आहे वगैरे जे मी कळवलं होतं, तेही तिनं परत घेतलं आहे. ते मी मुद्दाम लिहितो आहे, नाहीतर तू मनात धरून बसशील. तू तसाच आहेस.

आज डॉक्टर आले होते. नाडी पाहिली, डोळे पाहिले, म्हणाले, 'आजोबा, काय खायला घालता?' मी सांगितलं, 'गहू.' ते म्हणाले, 'चालू ठेवा.' गुरुवारी सकाळी हॉस्पिटलात न्यायचं आहे, शुक्रवारी ऑपरेशन. मी तुला मागं लिहिलं की काळजीचं काही नाही. काळजीचं आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बरंच काही सांगितलं, त्यातलं अर्धं मला समजलं आणि तेवढं पुरे आहे.

तिचं म्हणणं बदललेलं नाही. तुला पाहिल्याशिवाय टेबलावर चढणार नाही, असं तिनं डॉक्टरांनाही सांगितलं. ते म्हणाले, 'मग बोलवा की भावाला.' जसं काही ते फोन उचलण्याइतकं सोपं आहे.

येताना काही आणू नकोस. हाडंसुद्धा नकोत, अजून पुरेशी आहेत. ती म्हणाली, 'त्याला सांगा, मोकळ्या हातानं ये. आणि नखं साफ करून ये, हॉस्पिटल आहे.' हे तिचे शब्द आहेत.

तुझा डबा घासून दाराजवळच्या स्टुलावर ठेवला आहे. या वेळी ड्रायव्हरबरोबर पाठवणार नाही. तो तुला स्वतः येऊन, आत बसून, हातात घेऊन जावा लागेल.

बुधवारी येतोस की गुरुवारी पहाटेच्या गाडीनं, ते लगेच कळव. गाडी उशिरा येते, रस्ताही खराब आहे, आणि मला उगाच धास्ती लागते. लिहायला वेळ नसेल तर फोन कर, मी उचलीन. तेवढं लवकर कळव.

तुझा
दाजी